टपावरचे कॅरिअर आणि हाडांचा धडा

पांढुर्णा-सौसर परिसरातील खेड्यांत बालआरोग्य शिबिरास निघताना टेबले, वजनकाटा, उंची मोजण्याची फळी असा बराच संसार सोबत न्यावा लागतो. लसींचा डबा गाडीत, सावलीत. उरलेले सारे टपावर. त्यासाठी काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या कल्पनेने एक कॅरिअर करवून घेतले. ‘जितके जड तितके मजबूत’ या समजुतीने २० मिमी व्यासाच्या भरीव सळया निवडल्या. १२ मीटर सळईचे वजनच ३० किलोच्या घरात गेले! एका पावसाळ्यात गाडी खड्ड्यात आदळली, कोपऱ्याचा जोड सुटला आणि टेबल रस्त्यावर पडले. मागून सायकलवर शाळेची दोन मुले येत होती. ती थोडक्यात बचावली. चूक माझीच होती. टपाला पेलणाऱ्या भारात कॅरिअरचे वजनही धरायचे असते, हे मी विसरलो होतो.

वास्तविक याचे उत्तर आपण डॉक्टरांना ठाऊक असावयास हवे. मांडीचे हाड मधल्या भागात पोकळ असते. वाकताना ताण कडेला सर्वाधिक व मध्याशी नगण्य असतो. म्हणून निसर्गाने बळकट द्रव्य कडेलाच ठेवले. हाच न्याय पाइपला लागू पडतो. २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीचा पोलादी पाइप तेवढ्याच लांबीला १४ किलो भरतो. ताठपणा मात्र त्या सळईच्या पावणेदोनपट!

मग ॲल्युमिनियमच का नको? त्याचे वजन पोलादाच्या साधारण एकतृतीयांश, पण ताठरताही तेवढीच. त्याच मापाचा पाइप तिप्पट लवतो. शिवाय उष्णतेच्या प्रक्रियेने कणखर केलेला मिश्रधातू वेल्डिंगजवळ पुन्हा मऊ पडतो. म्हणून सांगाडा पोलादी पाइपचा आणि तळाच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, नटबोल्टने कसलेल्या, अशी वाटणी केली. हे दोन धातू ओलाव्यात थेट भिडले तर ॲल्युमिनियम झिजते. त्यासाठी मध्ये नायलॉनचे वॉशर घातले. एक वैद्यकीय सूचनाही करतो: जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

पोलादाला बळ देणारे मॅंगनीज ज्या खडकांत सापडते, त्यांतील एका प्रसिद्ध खडकसमूहाला भूशास्त्रात सौसरचेच नाव आहे. बळ आपल्या मातीतच होते. ते कुठे किती वापरावे, हे मात्र मला उशिरा कळले. आता प्रत्येक शिबिरापूर्वी मी आधी कॅरिअरचे सांधे तपासतो, मग मुलांचे.