कमळाच्या टबात काळी माती

जळगावच्या पिंप्राळ्यात कुणी गच्चीवर किंवा अंगणात कमळ लावायचे ठरवले, की आधी नर्सरी गाठली जाते आणि लाल माती, कोकोपीट, गांडूळखत यांचे तयार मिश्रण घरी येते. गुलाबाला, जास्वंदाला हे मिश्रण छान मानवते. पाण्याखाली मात्र ते टिकत नाही. कोकोपीट वर तरंगते, खतातली अन्नद्रव्ये पाण्यात उतरून पाणी हिरवे होते, आणि काही दिवसांत टबाला कुजका वास येऊ लागतो. कमळाला खरी मानवणारी माती शहर संपले की लगेच दिसते. ती कापसाची काळी माती आहे. कुंडीत आपण जिला चिकट आणि निचरा न होणारी म्हणून नावे ठेवतो, तीच इथे उपयोगी पडते.

कुंडीतल्या रोपाची मुळे मातीच्या कणांमधल्या हवेवर जगतात, म्हणून तिथे निचरा आणि वाफसा या गोष्टी जपाव्या लागतात. टबातली माती कायम पाण्याखाली असते. तिच्यातला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो आणि नंतर तो परत येत नाही. वाळू किंवा कोकोपीट कितीही घातले तरी नाही. कमळाने त्याची सोय स्वतःच केलेली आहे. देठ आडवा कापला तर आत लांब पोकळ नळ्या दिसतात. पानांनी घेतलेली हवा या नळ्यांतून थेट चिखलातल्या कंदापर्यंत पोहोचते. म्हणून जलवनस्पतीची माती भुसभुशीत असण्याची गरज नाही. तिने जागेवर बसून राहावे, कंदाला धरून ठेवावे आणि अन्न पाण्यात सांडू देऊ नये, एवढे पुरे.

हे काम चिकणमाती करते. तिच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम यांचे धनभारित कण त्याला चिकटून राहतात आणि मुळे ते हळूहळू उचलतात. आपल्या काळ्या मातीत अशा कणांचे प्रमाण भरपूर असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेही याच कणांमुळे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत कमळे वाढतात ती तळाशी साचलेल्या अशाच बारीक गाळात.

खान्देशातल्या बागायतदाराला इथे एक शंका हमखास येते. आपली माती चुनखडीची आणि विम्ल. लिंबावर, मोसंबीवर हिच्यामुळे केवडा पडतो. शिरा हिरव्या राहतात आणि मधले पान पिवळे पडते, कारण मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. मग कमळाचे तसेच होणार नाही का? सहसा होत नाही, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. माती पाण्याखाली गेली की तिच्यातले जिवाणू प्राणवायूऐवजी लोहाच्या संयुगांवर गुजराण करू लागतात. त्यात न विरघळणारे लोह विरघळणाऱ्या रूपात येते. त्याच वेळी कर्ब वायू मातीत कोंडला जाऊन सामू आठवरून साताच्या आसपास उतरतो. त्यामुळे जमिनीवर केवडा आणणारी माती काही आठवडे बुडून राहिली, की लोह आपोआप मोकळे करते.

अर्थात कुठलीही काळी माती चालत नाही. रस्त्याकडेची, बांधकामाजवळची माती नको. ज्या शेतात नुकतेच तणनाशक मारले आहे तिथलीही नको, कारण कमळाची कोवळी पाने लगेच करपतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उपसलेला पाझर तलावाचा गाळ कुणा ओळखीच्या शेतकऱ्याकडे पडला असेल तर तो फार चांगला. शहराचे सांडपाणी मिसळणाऱ्या तलावाचा गाळ मात्र घेऊ नये. नदीकाठचा पोयटाही चालतो, पण तो हलका असल्याने त्यात निम्मी काळी माती मिसळावी.

चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, मातीही टाळावी. ती ओळखायला एक सोपी चाचणी आहे. काचेच्या पेल्यात आरओचे किंवा पावसाचे पाणी घ्या, त्यात सुकलेले बोराएवढे ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका. ढेकूळ फुटून तळाशी पसरले आणि पाणी नितळ राहिले तर माती चांगली. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग उठला तर तिच्यात सोडियम जास्त आहे. तिच्या टबातले पाणी कधीच निवळणार नाही. चुनखडीचे खडे चाळून काढावेत, काड्या आणि मुळे वेचून टाकावीत.

प्रमाण घमेल्याने मोजावे: तीन घमेली काळी माती, एक घमेले जाड, धुतलेली वाळू. वाळू अन्न देत नाही. पुढच्या वर्षी कंद न मोडता काढता यावा, माती दगडासारखी घट्ट होऊ नये, एवढ्यासाठी ती घालायची. कमळाचे कंद दरवर्षी काढून वाटायचे असतील तर दोनास एक असे प्रमाण ठेवावे. वॉटर लिलीला, म्हणजे जिचे चीर असलेले पान पाण्यावर तरंगते तिला, तीनास एक हेच बरे.

टब गोल आणि तळाला भोक नसलेला हवा. कमळाचा कंद कडेकडेने धावतो आणि चौकोनी टबाच्या कोपऱ्यात अडकतो. पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या टबात अठरा सेंटिमीटर थर भरायला साधारण ३५ लिटर मिश्रण लागते. ओले झाल्यावर ते साठेक किलो भरते, वरचे पाणी आणखी वीस-पंचवीस किलो. बाल्कनीत टब ठेवणाऱ्याने हे वजन आधी लक्षात घ्यावे.

शेणखत घालायचे तर वर्षभर कुजलेले, मातीसारखा वास येणारे, आणि तेही अगदी तळाशी दोन-तीन ओंजळी. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण नकोच. मार्च-एप्रिलच्या जळगावच्या उन्हात ते पाण्याखाली आंबते, मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो, कंद काळा पडतो. शंका असेल तर खत घालूच नका. काळ्या मातीत पहिल्या महिन्यापुरते अन्न असते. खतावर मिश्रणाचा पूर्ण थर द्यावा आणि वर दोन सेंटिमीटर नुसती वाळू पसरावी. माती आधी ओलसर करून घ्यावी. मग वर गोणपाटाचा तुकडा ठेवून त्यावर हळू पाणी सोडावे, म्हणजे माती ढवळत नाही. टब दहा-पंधरा दिवस तसाच राहू द्यावा. बुडबुडे थांबले, पाणी निवळले, की कंद लावावा.

आपल्याकडे लागवडीला फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ चांगला. कमळाचा कंद कडेला आडवा ठेवून शेपटाकडचा भाग मातीत दाबावा. कोंब उघडा आणि किंचित वर राहू द्यावा. कोंब मोडला तर त्या कंदाची आशा जवळजवळ संपते. लिलीचा गड्डा लावतानाही शेंडा मातीवर ठेवावा. सुरुवातीला पाणी चार बोटे पुरे, पाने वाढतील तसे वाढवावे. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत, पण पाणी पुरते निवळल्यावरच.

पाण्याबाहेर उभी राहणारी तीन-चार पाने आली की पुढचे खत. ते पाण्यात टाकू नये. छोटा चमचाभर डीएपी दोन-तीन चिखलाच्या गोळ्यांत भरून, गोळे अर्धवट सुकवून, कोंबापासून दूर बोटभर खोल खुपसावेत, महिन्यातून एकदा. कोकणात चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल रोवतात, त्यामागचे कारण हेच. खोल, प्राणवायू नसलेल्या चिखलात अमोनियम तसेच राहते आणि चिकणमाती त्याला धरते. वर राहिले तर त्याचे नायट्रेट बनते आणि शेवटी नत्र हवेत निघून जाते.

मे महिन्यात टबातून रोज सेंटिमीटरभर पाणी उडते. काळा प्लॅस्टिकचा टब असेल तर त्याला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे, नाहीतर कडेची माती तापून मुळे शिजतात. बोअरचे जड पाणी रोज भरले की क्षार साचत जातात. टबाच्या काठावर पांढरी रेघ दिसली की निम्मे पाणी काढून नळाचे भरावे. पावसाळ्यात टब दोन-तीनदा वाहू द्यावा. मार्चमध्ये लावलेला कंद बळकट असेल, तर आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो त्या सुमारास कळ्या दिसाव्यात. पाने भरपूर आणि कळी एकही नाही, असे झाले तर आधी ऊन मोजा. सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर माती बदलून उपयोग नाही, टबाची जागा बदला.