घोड्यांच्या शर्यतीतील चाबूक : आवश्यकतेचा प्रश्न

घोड्यांच्या शर्यतीत चाबकावर बंदी असावी किंवा नाही, हा वाद वरकरणी प्राणिप्रेमी आणि शर्यतीचे शौकीन यांच्यातील भावनिक वाद वाटतो. वस्तुतः तो एका शब्दाच्या अर्थाचा वाद आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार प्राण्यास मारहाण करून 'अनावश्यक' वेदना देणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा चाबकाचा फटका आवश्यक असतो काय, हाच विचारार्ह प्रश्न होय.

चाबकाच्या समर्थनार्थ दोन कारणे सांगितली जातात. भरधाव घोडा एका बाजूला झुकू लागल्यास त्यास आवरण्यासाठी चाबूक हवा, हे पहिले. आणि अखेरच्या टप्प्यात घोड्याने सर्व शक्ती पणास लावावी म्हणून तो हवा, हे दुसरे. चर्चेत ही कारणे सोयीस्करपणे एकत्र केली जातात. परंतु अंतिम रेषेजवळ प्रेक्षकांना दिसणारे बहुतांश फटके दुसऱ्या कारणासाठीच असतात.

सिडनी विद्यापीठातील पॉल मॅकग्रीव्ही व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात घोड्यांचा सर्वाधिक वेग अंतिम रेषेपूर्वीच्या ६०० ते ४०० मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे चाबूक न वापरता आढळला. फटके पडत होते ते त्यानंतर, घोडे थकल्यावर. हा अभ्यास मोजक्या शर्यतींचा असल्याने त्यावर फार भार टाकता येत नाही. अधिक बोलका पुरावा ब्रिटनमधील आहे. तेथे शिकाऊ जॉकींसाठी अशा काही शर्यती होतात की, ज्यांत चाबूक जवळ असतो, पण वेग वाढविण्यासाठी तो वापरता येत नाही. अशा शर्यतींची नेहमीच्या शर्यतींशी तुलना करणारा, एकूण १२६ शर्यतींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरक्षितता, घोड्यावरील नियंत्रण व शर्यतीस लागलेला वेळ यांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनानुसार त्वचेच्या बाह्यस्तरातील मज्जातंतूंच्या टोकांची घनता माणसात व घोड्यात जवळजवळ सारखीच असते. घोड्याची कातडी जाड, त्यास फारसे लागत नाही, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

नियमनाचा इतिहासही उद्बोधक आहे. नॉर्वेने वेगासाठी चाबूक वापरण्यास १९८२ मध्येच मनाई केली. स्वीडनने २०२२ मध्ये. ब्रिटनने मात्र फटके मोजण्याचा मार्ग पत्करला. २०११ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत विजयी घोड्याच्या जॉकीवर अतिरिक्त फटक्यांबद्दल पाच दिवसांची बंदी आली. विजय मात्र कायम राहिला! म्हणजे शिक्षा जॉकीला आणि लाभ मालकाला. ही विसंगती २०२३ मध्ये अंशतः दूर झाली. सपाट शर्यतीत सहा व अडथळ्यांच्या शर्यतीत सात ही मर्यादा ठरली आणि ती चार किंवा अधिक फटक्यांनी ओलांडल्यास घोडाच बाद होऊ लागला. तथापि सहावा फटका आवश्यक आणि सातवा अनावश्यक कसा, याचे उत्तर कोणतीही मोजणी देऊ शकत नाही.

बंदीवरील खरा गंभीर आक्षेप पैजेशी निगडित आहे. चाबूक न उचलणाऱ्या जॉकीने घोडा मुद्दाम मागे ठेवला, असा संशय पैज लावणाऱ्यास येऊ शकतो. परंतु बंदी सर्वांना समान लागू असेल, तर चाबूक हा प्रामाणिकपणाचा पुरावा उरत नाही. तो जॉकीच्या बैठकीत व हातांच्या हालचालीत शोधावा लागेल.

महाराष्ट्रात या प्रश्नास आणखी एक पैलू आहे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देताना २०१७ च्या राज्य दुरुस्तीने व नियमांनी गाडीवानास काठी व चाबूक वापरण्यास मनाई केली आणि भंगासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावास ठेवला. महालक्ष्मीच्या मैदानावर मात्र घोड्यावरील चाबकाची मर्यादा शर्यतीचे नियम ठरवितात; आणि मूळ अधिनियमात पहिल्या गुन्ह्यास कमाल दंड आहे पन्नास रुपये.