ई-फेरफार

जमिनीच्या हक्कात झालेला बदल प्रथम क्रमांकित नोंदीच्या रूपाने घ्यावयाचा, संबंधितांस कळवून ती नोंद तपासावयाची व प्रमाणित झाल्यावरच मूळ अधिकार अभिलेखात बदल करावयाचा, या महसुली पद्धतीस फेरफार असे म्हणतात. ही पद्धती संगणकावर आणून ती दस्तनोंदणीच्या संगणकीय यंत्रणेशी जोडणारी महाराष्ट्र शासनाची प्रणाली म्हणजे ई-फेरफार होय. मोठ्या संगणकीय यंत्रणांत ‘काय बदलले’ हे टिपणारी आज्ञावली आणि ‘काय बदलावयाचे होते’ याची नोंद ठेवणारी तिकीट-प्रणाली यांची सांगड घालावी लागते. ई-फेरफार हे त्याच तत्त्वाचे, परंतु सामान्य शेतकऱ्याच्या नित्य परिचयातील उदाहरण आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तिच्या १४९ व्या कलमानुसार वारसा, वाटप, खरेदी, गहाण, बक्षीस इ. कारणांनी जमिनीत हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळाला असल्यास अशा वर्दीची सक्ती नसते. कारण कलम १५४ प्रमाणे दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यानेच त्याची सूचना तलाठी व तहसीलदार यांस पाठवावयाची असते. कलम १५० अन्वये तलाठी (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना ६ मध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिची प्रत चावडीत लावतो व हितसंबंधितांस नोटीस देतो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये जाते. विवाद नसलेली नोंद मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करू शकतो. प्रमाणित झाल्याशिवाय नोंद अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबाराच्या गाव नमुना ७ मध्ये, उतरविता येत नाही.

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी परिचित असलेल्या धर्मापुरीसारख्या तेथील गावात जुन्या हक्कांचा माग काढावयाचा झाल्यास सातबारावरून फेरफारांकडे आणि तेथून पहाणी पत्रके व १९५४-५५ चे खासरा पत्रक यांकडे जावे लागते. या मागातील एक फेरफार जरी गहाळ असला, तरी आजच्या खातेदाराचे नाव कोणत्या कारणाने लागले, हे सांगणे कठीण होते. फेरफाराचे महत्त्व यातच आहे : सातबारा हा जमिनीची आजची स्थिती दाखवितो, ती स्थिती कशी झाली, हे फेरफार सांगतो.

संगणकातील समांतर पद्धती : बँक, रुग्णालय, वीज वितरण इ. ठिकाणच्या संगणकांत आज्ञावल्या व त्यांची मांडणी वारंवार बदलावी लागते. अशा प्रत्येक कामाची विनंती क्रमांक देऊन नोंदविली जाते; या नोंदीस व्यवहारात ‘तिकीट’ असे म्हणतात. कोणी मागितले, कोणी मंजूर केले, कोणत्या यंत्रावर व केव्हा काम करावयाचे, हे तीत लिहिलेले असते. तथापि ही सर्व माणसांनी लिहिलेली माहिती असते. प्रत्यक्षात काय घडले, हे पाहण्यासाठी निराळी आज्ञावली लागते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम व यूजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ मध्ये तयार केलेली ‘ट्रिपवायर’ ही या प्रकारची प्रसिद्ध आज्ञावली होय. ती प्रत्येक महत्त्वाच्या धारिकेचा (फाइलीचा) गणितीय ठसा काढून सुरक्षित जागी ठेवते व ठराविक काळाने नवा ठसा काढून जुन्याशी ताडून पाहते. आज रूढ असलेल्या ‘शा-२५६’ या रीतीत धारिका कितीही मोठी असली, तरी तिचा ठसा २५६ अंशांचाच असतो. आणि धारिकेतील एक अक्षर बदलले, तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो.

या दोहोंपैकी एकच साधन अपुरे पडते. निरीक्षक आज्ञावलीस बदल दिसतो, परंतु त्याचे कारण समजत नाही. तिकीट-प्रणालीस कारण माहीत असते, परंतु काम खरोखर झाले की नाही, हे दिसत नाही. म्हणून दोन्ही जोडून टिपलेला प्रत्येक बदल मंजूर तिकिटाशी ताडून पाहतात. त्यासाठी यंत्र, धारिका, काळ व काम करणारी व्यक्ती या चार गोष्टी दोन्हीकडे एकाच नावाने नोंदविलेल्या असाव्या लागतात.

जोडणीची रीत : कागदी पद्धतीत दुय्यम निबंधकाची सूचना तलाठ्यापर्यंत पोहोचण्यास विलंब होई व काही वेळा ती पोहोचतही नसे. केंद्र शासनाने २००८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाच्या अनुषंगाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने महाराष्ट्रासाठी ई-फेरफार आज्ञावली तयार केली. नोंदणी विभागाच्या ‘आय-सरिता’ या आज्ञावलीत दस्त नोंदविला गेला की, त्याची माहिती संगणकाद्वारे महसुली यंत्रणेकडे जाते व फेरफारास क्रमांक मिळतो. त्यानंतर नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत राहते व मंडळ अधिकारी अंकीय स्वाक्षरीने नोंद प्रमाणित करतो. मग सातबारा त्याप्रमाणे बदलतो. प्रलंबित फेरफारांची नोटीस ‘आपली चावडी’ या संगणकीय फलकावर कोणासही पाहता येते. वारसा, बँकेचा बोजा इ. दस्तनोंदणीविना होणाऱ्या बदलांसाठी ‘ई-हक्क’ या सोयीतून अर्ज करता येतो. दस्तातील गट क्रमांक, खातेदाराचे नाव व क्षेत्र ही सातबारातील नोंदींशी जुळणे, हा या जोडणीचा पाया होय.

मेळाचे चार निष्कर्ष : धर्मापुरीतील एका खातेदाराने आपल्या २ हेक्टर जमिनीपैकी १ हेक्टर विकली, असे समजू. दस्त आणि सातबारा यांचा मेळ घातला असता चार गोष्टी संभवतात.

(१) दस्त झाला, फेरफार प्रमाणित झाला व सातबारावर १ हेक्टरच नव्या नावे लागली. येथे मेळ पूर्ण झाला. संगणकात अशा वेळी निरीक्षक आज्ञावली तिकिटावर पुरावा जोडते व तिकीट बंद होते.

(२) दस्त वा वर्दी काहीच नसता सातबारावरील नाव बदलले. हा धोक्याचा प्रकार होय. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. परंतु तिच्या आडून हक्कच बदलला गेल्यास तो याच वर्गात मोडतो. संगणकात तिकिटाविना झालेला बदल दिसताच जोडलेली यंत्रणा चौकशीचे नवे तिकीट आपोआप काढते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक आज्ञावली घुसवून, मान्यता देणारी समांतर बनावट यंत्रणा उभी करण्यात आली व सु. ९४ कोटी रु. लुबाडण्यात आले. कोणीही न मागितलेला बदल किती महाग पडू शकतो, हे यावरून दिसते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार अशा घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.

(३) दस्त झाला, परंतु सातबारा बदलला नाही. जुन्याच मालकाचे नाव राहिल्याने तीच जमीन दुसऱ्यास विकली जाण्याचा वा तिच्यावर कर्ज काढले जाण्याचा संभव राहतो. संगणकातील याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या रोखे व्यवहार कंपनीचे आहे. आठ यंत्रांवर घालावयाची नवी आज्ञावली एका यंत्रावर घालावयाची राहिली आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी सु. ४५ मिनिटांत कंपनीस ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

(४) बदल झाला, पण तो मंजुरीहून अधिक झाला. दस्त १ हेक्टरचा असता सातबारावर दीड हेक्टर लागले, तर फेरफार क्रमांक असूनही नोंद चुकीचीच ठरते. म्हणून केवळ क्रमांक जुळविणे पुरेसे नसते. बदलाचे स्वरूपही ताडून पाहावे लागते.

नित्य बदल : प्रत्येक बदलास क्रमांक मागितल्यास यंत्रणा निरुपयोगी होते, कारण शेकडो किरकोळ सूचनांत महत्त्वाची सूचना बुडून जाते. महसुली पद्धतीने हा भेद पूर्वीपासून केलेला आहे. हक्कांच्या गाव नमुना ७ साठी फेरफार आवश्यक असतो; पिकांच्या गाव नमुना १२ मधील नोंदी हंगामागणिक बदलतात, तरी त्यांस फेरफार लागत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर शेतकरी स्वतःच भ्रमणध्वनीवरून पीक नोंदवू शकतो. संगणकातही रोज वाढणाऱ्या नोंद-धारिका निरीक्षणातून वगळतात आणि नियोजित देखभालीचे बदल पूर्वमंजूर ठरवितात. ही यादी मात्र वेळोवेळी तपासावी लागते. अन्यथा पूर्वमंजुरीच्या नावाखाली अनिष्ट बदल निसटून जातो.

मर्यादा : मेळ बसला म्हणजे बदल न्याय्य आहे, असे सिद्ध होत नाही. तोतया व्यक्तीने दस्त करून दिला, तर दस्त, फेरफार व सातबारा तिन्ही परस्परांशी जुळतील आणि तरीही खरा मालक नाडला जाईल. संगणकात चोरलेल्या ओळखीने काढलेले तिकीटही असेच जुळते. म्हणूनच नोंद घेणारा व प्रमाणित करणारा हे निरनिराळे ठेवणे, संबंधितांस नोटीस पोहोचविणे आणि हरकतीस अवधी देणे या गोष्टी संगणकाच्या वेगासाठी गाळता येत नाहीत. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद व प्रमाणित फेरफार हे खरे असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. जुन्या हस्तलिखित अभिलेखांतील चुका संगणकावर जशाच्या तशा उतरल्यास पुढील प्रत्येक मेळ त्या चुकीशीच घातला जातो. यासाठी राज्यात संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन करून ते मूळ हस्तलिखितांशी ताडून पाहण्यात आले. निरीक्षक आज्ञावलीचा पहिला ठसा यंत्र निर्दोष असतानाच घ्यावा लागतो, त्याचेही कारण हेच आहे.

१ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध झाला असून २०२० मध्ये ठरविलेल्या नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक, जुने फेरफार क्रमांक आणि प्रलंबित फेरफार यांची नोंद असते. जमीन विकत घेणाऱ्याने किंवा वारसाने नाव व क्षेत्र पाहून न थांबता हे क्रमांक पाहावेत, त्या फेरफारांचे उतारे मागावेत व त्यांतील मजकूर सातबाऱ्याशी जुळतो की नाही, हे तपासावे. प्रलंबित फेरफार असल्यास त्या जमिनीचा सातबारा अजून बदलावयाचा आहे, असे समजावे.