मागे उरलेल्या शाखा

एकच आज्ञावली अनेकांनी मिळून लिहावयाची म्हटली की, कोणी केव्हा कोणता बदल केला याची नोंद ठेवणे भागच पडते. त्यासाठी ‘गिट’ नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली, लिनक्सच्या गाभ्याचे काम खोळंबू नये म्हणून तयार केले. गिटमध्ये नवा प्रयोग करावयाचा तर मूळ कामास धक्का न लावता त्याची ‘शाखा’ काढतात. प्रयोग साधला की ती मुख्य शाखेत विलीन करावयाची व तिचे नाव पुसून टाकावयाचे, असा शिरस्ता आहे. परंतु एके ठिकाणी पुसलेले नाव इतरत्र तसेच राहते आणि घोटाळा तेथून सुरू होतो.

‘शाखा’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. पोथीच्या सुट्या पानांत खुणेची चिठ्ठी घालावी, तशी ही केवळ एक चिठ्ठी असते. रूढ पद्धतीत तीत ४० अंकाक्षरांचा नोंद-क्रमांक व ओळ संपल्याचे एक चिन्ह, एवढाच मजकूर. चिठ्ठी काढली म्हणून पान फाटत नाही.

सामायिक संगणकावरील चिठ्ठी कोणी काढली, तरी तिची प्रत प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर शिल्लक राहते. गिट नवे ते आणते. नाहीसे झालेले आपण होऊन काढत नाही. ही शिळी नावे एरवी निरुपद्रवीच. पण समजा, ‘छपाई’ ही शाखा पुसली गेली आणि पुढे कोणी ‘छपाई/समास’ अशी नवी शाखा काढली. गिटच्या लेखी तिरपी रेघ म्हणजे कप्पा. आणि ‘छपाई’ नावाची जुनी चिठ्ठी जागेवर असता त्याच नावाचा कप्पा कसा व्हावा? नवी शाखा उतरून घेण्यास गिट साफ नकार देते, आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या शाखेत शोधला जातो. येथे ‘गिट फेच --प्रून’ ही आज्ञा दिली की शिळ्या प्रती प्रथम छाटल्या जातात व वाट मोकळी होते.

या छाटणीने स्वतः काढलेल्या शाखांना मात्र हात लागत नाही. त्या ‘गिट ब्रँच’ या आज्ञेस लहान लिपीतील ‘डी’ जोडून पुसावयाच्या. काम विलीन झालेले नसेल तर गिट अडवते. पुष्कळ बदल एकवटून त्यांची एकच नवी नोंद केली असेल, तर काम खरोखर विलीन होऊनही गिटला ते ओळखता येत नाही व ते तेव्हाही अडवते. मग मनुष्य कंटाळून मोठ्या लिपीतील ‘डी’ वापरू लागतो. तो कोणतीही शंका न घेता पुसतो. त्याची सवय जडली की एखाद्या दिवशी खरोखरच अपुऱ्या, दुसरीकडे कोठेही नसलेल्या कामाची चिठ्ठी जाते.

तरीही पाने लगेच रद्दीत जात नाहीत. ज्या संगणकावर काम झाले, तेथे ‘गिट रिफ्लॉग’ ही आज्ञा अलीकडील हालचालींची वही उघडून दाखविते. चिठ्ठी हरवलेल्या नोंदींचा माग तीत सामान्यतः ३० दिवस राहतो. तेथील क्रमांक घेऊन त्यावर नवी शाखा काढली की काम परत मिळते. शाखा पुसताना गिट तिचा क्रमांक संक्षेपाने पडद्यावर दाखवितेच. तेवढी एक ओळ वाचावयाची तसदी सहसा कोणी घेत नाही.