उर्वशी, गोरखनाथ आणि कैलासपती यांची बाग

भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की राणीची बाग येते. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला तिचा रस्ता सांगावा लागत नाही. शाळेची सहल असो, मे महिन्यात गावाहून आलेले पाहुणे असोत की गिरणीच्या सुटीचा दिवस, मंडळी निघायची ती बागेकडेच. हत्ती बघायचा, माकडं बघायची, झाडाखाली सतरंजी टाकून डबा खायचा आणि घरी यायचं. मीही कितीतरी वेळा तशीच गेले. ज्या झाडाखाली डबा उघडला त्याचं नाव मात्र कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

या फेब्रुवारीत गेले ती फक्त झाडं बघायला.

ही बाग मुळात झाडांचीच. 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि वनस्पतींनी भायखळ्याला बिऱ्हाड हलवलं. 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. राणी व्हिक्टोरियाच्या नावावरून लोकांनी तिला 'राणीची बाग' केलं. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. प्राणिसंग्रहालयाची जागा 1890 मध्ये जोडली गेली, म्हणजे झाडं वाघ-हत्तींच्या आधीची. जगभरातून आणलेल्या अडीचशेहून अधिक जातींची तीन हजारांवर झाडं इथे आहेत. दक्षिण आणि मध्य मुंबईत वृक्षांचा एवढा मोठा संग्रह दुसरा नाही.

मला या झाडांच्या नावांनी ओढलं. दूरदेशीची ही झाडं इथे रुजली आणि आपल्या लोकांनी त्यांना थेट पुराणातली, नाथपंथातली नावं दिली.

उर्वशीपासून सुरुवात करते. हे झाड ब्रह्मदेशचं. नॅथॅनियल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला 1827 मध्ये ते तिथल्या एका बौद्ध मठाच्या आवारात दिसलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याची फुलं वाहिलेली होती. लेडी अ‍ॅम्हर्स्ट आणि त्यांची कन्या यांच्यावरून त्याने झाडाला 'अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस' हे नाव दिलं. मराठीत मात्र ती झाली उर्वशी, इंद्रसभेतली अप्सरा. फुललेल्या झाडाखाली उभं राहिलं की नाव देणाऱ्याची नजर कळते. लांब देठांवर उलटे लोंबणारे लालबुंद घोस आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. एकेक फूल पाय अलगद सोडून हवेत थांबलेल्या नर्तकीसारखं दिसतं. या प्रजातीत दुसरी जात नाही, उर्वशी एकटीच. तिला बी क्वचितच धरतं, त्यामुळे रोपं मिळणं अवघड.

उर्वशीची कोवळी पालवी नीट बघा. तांबूस-जांभळी पानं चिंधीसारखी मलूल लोंबत असतात. वाटतं, झाड सुकलं. काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ उभी राहतात. सीतेच्या अशोकाची पालवीही अशीच लोंबते, कारण ही दोघं जवळच्या नात्यातली. अशोक बागेत आहे आणि तो खरा अशोक आहे. सोसायट्यांच्या भिंतीलगत सरळसोट उभा असतो तो आसुपालव, त्याला आपण उगाच अशोक म्हणतो. अशोकवनातल्या सीतेला सावली देणारा हा बुटका, दाट झाडोरा. त्याची फुलं जुन्या फांद्यांवरच गुच्छाने येतात, आधी केशरी, मग लाल. त्यांना पाकळ्या नसतातच. रंगीत दिसतात ती निदलं. औषधासाठी साल ओरबाडून नेल्यामुळे रानातला अशोक विरळ झाला आहे. म्हणून शहरातल्या बागेत तो असणं मला मोलाचं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ मी कैलासपतीपाशी उभी राहिले. त्याच्या खोडातूनच वेड्यावाकड्या दांड्या फुटतात आणि फुलं त्यांवर येतात. गळून पडलेलं एक फूल तळहातावर घेतलं. सहा जाड पाकळ्या, आतून गुलाबी-लाल. मधोमध केसरांचं बुटकं वर्तुळ आणि त्यावर एका बाजूने वाकून आलेली केसरांची फणी. पिंडीवर फणा धरलेला नाग, हुबेहूब. वास गोड, दाट, बोटांना तासभर राहणारा. फण्यातले पराग मधमाशीला खाण्यापुरते. ती आत शिरली की खालच्या वर्तुळातले, बीज धरवणारे पराग तिच्या पाठीला लागतात. झाड दक्षिण अमेरिकेतलं. त्याचं फळ तोफगोळ्याएवढं, तपकिरी, आणि फुटलं की दुर्गंधी सुटते. एवढ्या लांबून आलेल्या झाडात आपल्या माणसांना महादेव दिसला आणि देवळांच्या आवारात त्याला जागा मिळाली.

गोरखचिंच फेब्रुवारीत निष्पर्ण होती. आफ्रिकेचं हे झाड अरब व्यापाऱ्यांबरोबर आलं असं मानतात. वसईच्या किल्ल्यातही ते आहे. गोरखनाथांनी याच झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी आख्यायिका आहे. गर आंबट म्हणून चिंच, एरवी नातं काटेसावरीशी. पावसात पालवी फुटली की पंजासारखं पान बघून ते लगेच पटतं. फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्याकडे येतात.

परळच्या केईएम रुग्णालयात आयुर्वेदावर संशोधन करणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी झाडांवर मराठीत जिव्हाळ्याने लिहिलं. त्यांचं 'वृक्षगान' वाचून इथे यावं. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य आराखड्यामुळे झाडांवर संकट येईल असं दिसलं, तेव्हा 'सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन'च्या नागरिकांनी चिकाटीने लढा दिला. त्या लोकांना ही झाडं नावानिशी माहीत होती. नुसती 'झाडी' वाचवायला कुणी वर्षानुवर्षं खेटे घालत नाही.

2017 पासून लोक पेंग्विन बघायला रांगा लावतात. पोरांना ते जरूर दाखवा. पण परतताना एकदा उर्वशीखाली थांबा आणि तिची गोष्ट सांगा. कैलासपतीचं फूल झाडावरून तोडू नका, खाली पडलेलं एक त्यांच्या हातावर ठेवा. उर्वशी आणि अशोक दोन्ही फुललेले बघायचे असतील तर थंडी सरताना, फेब्रुवारीच्या आसपास जा. बाग बुधवारी बंद असते.