एका घरात अनेक राउटर : रचना व दक्षता

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे घरोघरी मोबाईलवर जाऊ लागले. त्या काळात मानकोली येथील एका शिक्षकबंधूंच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. इंटरनेटचा राउटर तळमजल्यावर आणि अभ्यासाची खोली माडीवर होती. त्यांची कन्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून धडा ऐकत होती; कारण त्यापलीकडे जोडणी टिकत नसे. पुढे त्यांनी दुसरा राउटर आणून माडीवर बसविला. परंतु झाले उलटेच. आता तळमजल्यावरील जोडणीही मधूनमधून तुटू लागली. दोष यंत्राचा नव्हता, रचनेचा होता.

याचे कारण असे. राउटर आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक साधनास एक अंकी पत्ता देतो. या वाटपाच्या सोयीस 'डीएचसीपी' म्हणतात. शाळेत जनरल रजिस्टर एकच असते, म्हणून दोन विद्यार्थ्यांचा दाखल क्रमांक एक होत नाही. एकाच शाळेत दोन रजिस्टरे स्वतंत्रपणे भरू लागल्यास जो गोंधळ होईल, तोच एका घरातील दोन राउटर पत्ते वाटू लागल्यास होतो. सबब पत्ते वाटणारा राउटर एकच असावा. इतरांनी केवळ लहरी पोहोचविण्याचे काम करावे.

जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

(1) दुसरा राउटर प्रथम एकटाच चालू करून त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. पहिल्याचा पत्ता 192.168.1.1 असल्यास दुसऱ्यास 192.168.1.2 द्यावा, मात्र हा अंक पहिल्याच्या वाटपाच्या यादीत नाही, याची खात्री करावी.

(2) दुसऱ्यातील डीएचसीपी बंद करावे.

(3) पहिल्याच्या 'लॅन' पोर्टातून दुसऱ्याच्या 'लॅन' पोर्टात तार न्यावी. 'वॅन' पोर्ट मोकळा ठेवावा. ही तार 100 मीटरपर्यंत चालते. काही राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट' अशी तयार सोय असते. तेथे सोबतच्या पत्रकाप्रमाणे वागावे.

(4) दोहोंस नाव, परवलीचा शब्द व सुरक्षेची पद्धत एकच द्यावी, म्हणजे माडीवर जाताना मोबाईल आपोआप जोड बदलू शकतो. मात्र 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी चॅनेल भिन्न असावेत. 1, 6 व 11 हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांतूनच निवड करावी.

जागेचाही विचार हवा. सिमेंटचा स्लॅब, त्यातील लोखंडी सळ्या, पत्र्याचे कपाट व पाण्याची टाकी यांनी लहरी अडतात. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, परंतु भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. राउटर कपाटात न ठेवता उंच व मोकळ्या जागी ठेवावा.

तार नेणे अशक्य असल्यास 'रिपीटर' वापरता येतो. तो जेथे लहरी मुळीच नाहीत तेथे नव्हे, तर जेथे त्या अद्याप बऱ्या आहेत अशा मधल्या ठिकाणी बसवावा. साधा रिपीटर एकाच लहरीने घेतो व देतो, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. म्हणून शक्य तेथे तारच श्रेयस्कर. अनेक राउटर बसविल्याने बाहेरून येणारा एकूण वेग वाढत नाही, केवळ पोच वाढते, हेही ध्यानात असावे.

उपरोक्त घरी जुनाच राउटर या क्रमाने पुन्हा बसविला. नवा खर्च एका तारेचाच झाला, आणि कन्येचे पुस्तक जिन्यावरून मेजावर आले.

कार्यालय व वर्ग दूर असलेल्या शाळेतही हीच रचना उपयोगी पडते. कोणता राउटर पत्ते वाटतो, कोणास कोणता पत्ता व चॅनेल दिला, याची नोंद कागदावर करून मुख्याध्यापकांच्या दप्तरी ठेवावी. परवलीचा शब्द मात्र फळ्यावर लिहू नये. शिक्षकांची बदली होते, यंत्र शाळेतच राहते. मागून येणाऱ्यास ती नोंद उपयोगी पडेल.