विंडोज नव्याने टाकल्यावर लॅपटॉपसोबत आलेली सॉफ्टवेअर परत कशी मिळवायची?



लॅपटॉप हळू चालायला लागला की आपल्याकडे एकच उपाय सांगतात, "फॉरमॅट मारून घ्या." फॉरमॅट होतो, लॅपटॉप पळायलाही लागतो. पण घरी आल्यावर कळतं की वर्ड, एक्सेल गायब, वायफाय दिसत नाही, स्पीकरचा आवाज बारीक. मग दुकानदार म्हणतो, "ऑफिस टाकायचे वेगळे पैसे." बऱ्याच वेळा त्या ऑफिसचे पैसे आपण लॅपटॉप घेतानाच दिलेले असतात, हे पालकांना माहीतच नसतं. म्हणून आज याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी विंडोजचं बघू. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीने विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपची विंडोज की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. हार्डडिस्क पूर्ण पुसली तरी ती की जात नाही. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. की विकत घ्यायची गरज नाही. मात्र लॅपटॉप 'होम' आवृत्तीचा असेल आणि कुणी 'प्रो' टाकून दिली, तर चिपमधली की तिला लागू होत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं पुसट दिसतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे क्रॅक मारून ते लपवलेलं असतं. अशा क्रॅकबरोबर व्हायरस येऊ शकतो. ज्या लॅपटॉपवर मुलांची माहिती भरतो, पगाराची बिलं करतो, त्यावर ही जोखीम कशाला?

आता ऑफिस. लॅपटॉपच्या बिलावर किंवा खोक्यावर 'ऑफिस होम अँड स्टुडंट' लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ते कायमस्वरूपी आहे. 'मायक्रोसॉफ्ट ३६५ ट्रायल' असेल तर ते ठराविक मुदतीचं होतं, त्याचा शोध घेऊ नका. कायमचं ऑफिस पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, त्या खात्याला ते जोडलेलं असतं. म्हणजे ते हार्डडिस्कवर नाही, तुमच्या खात्यात आहे. अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम या साइटवर त्याच खात्याने जा, 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स' उघडा. तिथे ऑफिसचं नाव आणि इन्स्टॉलचं बटण दिसेल.

खरी अडचण इथेच येते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने घाईत एक ईमेल बनवून टाकलेला असतो, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. घरातल्या सगळ्यांचे ईमेल एकेक करून तपासा. जुन्या मेलमध्ये मायक्रोसॉफ्टचा संदेश आलाय का शोधा. पासवर्ड विसरला असेल तर मोबाईल नंबरवर कोड मागवून बदलता येतो, पण तो नंबर खात्याला जोडलेला आणि चालू हवा. ऑफिस एकदाही न उघडता फॉरमॅट झाला असेल, तर बिल हाताशी घेऊन लॅपटॉप कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा.

वायफाय, आवाज, टचपॅड यांचं काम ड्रायव्हर करतात. लॅपटॉप उलटा केला की खालच्या स्टिकरवर सिरियल नंबर असतो, डेलमध्ये त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. कंपनीच्या सपोर्ट साइटवर तो टाकला की नेमक्या तुमच्या मॉडेलचे ड्रायव्हर समोर येतात, तेही फुकट. वायफायच चालत नसेल तर मोबाईल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, नेट येतं. मग एचपी सपोर्ट असिस्टंट, लेनोवो व्हँटेज, मायआसुस, डेल सपोर्टअसिस्ट यांपैकी आपल्या कंपनीचं ॲप घेतलं की बाकीचं बरंचसं ते स्वतः शोधतं. "ड्रायव्हर अपडेटर" नावाच्या अनोळखी जाहिरातींच्या नादी लागू नका.

सगळंच अगदी नवा लॅपटॉप होता तसं हवं असेल तर? फॉरमॅट करताना सगळी पार्टिशन्स उडवली नसतील, तर रिकव्हरी पार्टिशन शिल्लक असू शकतं. चालू करताना एचपीमध्ये एफ ११, आसुसमध्ये एफ ९, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ १० दाबून बघा. लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलना बाजूला छोटं 'नोवो' बटण असतं, ते पिनेने दाबतात. पार्टिशनच उडालं असेल तर एचपी, डेल, लेनोवो या कंपन्या सिरियल नंबरावरून बऱ्याच मॉडेलसाठी रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवू देतात. त्याला मोठा पेनड्राइव्ह आणि भरपूर डेटा लागतो. मात्र या मार्गाने लॅपटॉपवरचं सगळं पुसलं जातं, फोटो आणि निकालपत्रकं आधी बाहेर काढून ठेवा.

सगळंच परत आणायलाही हवं असं नाही. अँटिव्हायरसची ट्रायल, गेमची चिन्हं ही कंपनीने जाहिरातीसाठी घातलेली असतात, गेली तर बरंच झालं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच. डीव्हीडी बघायचं सॉफ्टवेअर गेलं असेल तर मोफत व्हीएलसी पुरतं.

शेवटी आपल्या कामाची एक गोष्ट. मराठी टायपिंग लॅपटॉपसोबत आलेलं नसतं, पण फॉरमॅटमध्ये तेही जातं. सेटिंग्जमध्ये भाषा या भागात मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात. पण कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या की अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. विंडोज टाकताना सी ड्राइव्ह पुसला नसेल तर तिथे 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर असेल. त्यातल्या विंडोज फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' आहे, तिथून जुने फॉन्ट उचलून घ्या. हे काम लगेच करा, कारण साधारण दहा दिवसांनी विंडोज तो फोल्डर आपोआप काढून टाकते.